बठ्ठं पांढरंफटक: ठिबकची ५०० फ्रेम आणि चुकलेलं आउटपुट

मे महिन्यातला मंगळवार. जळगावात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलरमध्ये पाणी ओतत होतो, तेवढ्यात धुळ्याहून मित्राचा फोन. आम्ही कॉम्प्युटरवर थ्रीडी फिल्म्स करतो आणि त्यांचं कंपॉझिटिंग, म्हणजे सुटे तुकडे जोडून शेवटचं चित्र बांधणं, तोच करतो. नमस्कार-चमत्कार नाही, थेट सुरुवात: "हाई काय धाडं रे भो? बठ्ठं पांढरंफटक शे." म्हणजे, हे काय पाठवलंस रे भाऊ, सगळं पांढरंफटक आहे.

चित्र रेंडर करताना, म्हणजे मॉडेलवरून मोजून काढताना, रंग, उजेड, अंतर अशी एकेक गोष्ट वेगळ्या चॅनलमध्ये लिहिता येते. त्यानं त्यातला झेड चॅनल उघडला होता. कॅमेऱ्यापासून कोणती वस्तू किती लांब आहे, ते सांगणारा. त्यात जवळचा एक थेंब तेवढा राखाडी होता. बाकी केळीची रोपं, बांध, नळ्या, सगळं पांढरं किंवा पांढऱ्याला टेकलेलं. मी म्हटलं, रेंज जुळव ना. तो म्हणाला, जुळवायला काही असेल तर जुळवीन. मग त्यानं एकेक चॅनल उघडत वाचून दाखवला आणि माझ्या लक्षात आलं की एक चॅनल बिघडलेला नाही. ५०० च्या ५०० फ्रेम, सगळ्या चॅनलसकट, वाया गेल्या आहेत.

काम तसं लहान होतं. ठिबकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका शेठना कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर लावायला २० सेकंदांची फिल्म हवी होती. केळीची बाग, पहाटेचं तिरपं ऊन, हवेत थोडी धूळ, जमिनीलगत काळी लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी. ड्रीपरच्या तोंडाशी थेंब फुगतो, पडतो आणि कॅमेरा मागे सरकत सबमेन ह्या मोठ्या नळीवरच्या निळ्या टोपीच्या व्हॉल्व्हपाशी थांबतो. सेकंदाला २५ फ्रेम, १९२० बाय १०८०. ब्लेंडर ४.२ हे थ्रीडी सॉफ्टवेअर, रेंडर त्यातल्या सायकल्स इंजिनमध्ये. मॉडेल आणि लाइट माझे, रेंडर भाच्याकडे. आकाश नंतर धुळ्यात बसवायचं म्हणून पार्श्वभूमी पारदर्शक ठेवलेली. एका फ्रेमला ४ मिनिटं, म्हणजे ५०० ला ३३ तास २० मिनिटं. भाच्यानं रविवारी संध्याकाळी लावलं, मंगळवारी पहाटे संपलं, आणि हार्डडिस्क सकाळच्या एसटीनं एरंडोल-पारोळा मार्गे धुळ्याला गेली. शुक्रवारी सकाळी प्रदर्शन उघडणार होतं.

भाच्याला बोलावलं. फाइल उघडली. व्ह्यू लेयरमध्ये त्यानं चॅनल नीट निवडले होते: डिफ्यूज (पसरणारा उजेड), ग्लॉसी (चमक), ट्रान्समिशन (आरपार जाणारा उजेड), प्रत्येकाचे डायरेक्ट, इनडायरेक्ट आणि कलर, शिवाय झेड, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा), मिस्ट (अंतराप्रमाणे धुकं), क्रिप्टोमॅट (वस्तूची ओळख). तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. मग कंपॉझिटरमध्ये एक फाइल आउटपुट नोड, म्हणजे चॅनल फाइलीत लिहिणारा डबा, आणि त्याला सगळ्या तारा जोडलेल्या. नोडवर फॉरमॅट: पीएनजी, ८ बिट.

"पण मामा, पीएनजी लॉसलेस असतं ना?"

असतं. आणि ह्याच एका खऱ्या वाक्यानं पोरानं ३३ तास घालवले. पीएनजी त्याच्या हातात जे देतो ते जसंच्या तसं सांभाळतं. प्रश्न त्याच्या हातात काय दिलं, हा आहे. सायकल्सनं मोजलेला आकडा फाइलपर्यंत पोचण्याआधी दोन गोष्टी घडतात. पहिली, व्ह्यू ट्रान्सफॉर्म, आमच्याकडे एजीएक्स, जो ब्लेंडर ४.० पासून आपोआप निवडलेलाच असतो. पडद्यावर चित्र डोळ्याला बरं दिसावं म्हणून तो उजेडाचे आकडे वाकवतो, दाबतो, रंगसुद्धा थोडे हलवतो. दुसरी, त्या वाकवलेल्या आकड्याला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवलं जातं. नोडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज रेंडर' चालू होतं आणि ते मुळातच चालू असतं. त्यामुळे पहिली गोष्ट झेडलाही घडली, नॉर्मललाही आणि क्रिप्टोमॅटलाही. सराफ बाजारात धान्याच्या काट्यावर सोनं तोलल्यासारखं झालं. काटा खोटा नव्हता, पण मांडायचा तिथे नव्हता.

थोडं जुनं सांगतो, कारण मला त्या दिवशी तेच आठवलं. मी हे काम शिकलो ते सॉफ्टइमेज ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर. ऑटोडेस्कनं २०१४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०१५ ची आवृत्ती शेवटची ठरली. त्यात रेंडर चॅनल आणि फ्रेमबफर ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. चॅनल म्हणजे काय मोजायचं. फ्रेमबफर म्हणजे ते मोजलेलं कुठल्या फाइलीत, कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती बिटमध्ये लिहायचं. दोन्ही वेगवेगळं भरावं लागे, कंटाळा येई, पण दर वेळी प्रश्न समोर उभा राही. अरनॉल्ड ह्या रेंडररमध्ये आजही प्रत्येक एओव्हीला, म्हणजे चॅनलला, फाइल लिहिणारा स्वतःचा ड्रायव्हर नेमता येतो, म्हणजे विचार तोच. ब्लेंडरमध्येही ही दोन घरं वेगळीच आहेत, एक व्ह्यू लेयरमध्ये आणि एक आउटपुटमध्ये. फक्त दुसऱ्या घराचं दार उघडंच असतं आणि माणूस न विचारता आत जातो.

भाच्याला समजावं म्हणून मी एकच पिक्सेल घेतला. ड्रीपरखालची ओली माती. समजा तिथे डायरेक्ट उजेडातून ०.२० आलं आणि आजूबाजूच्या पानांवरून उसळून ०.०५. खरा उजेड दोघांची बेरीज, ०.२५. पडद्याच्या साध्या एसआरजीबी वळणातून नेलं तर हा ०.२५ दिसतो १३७ वर. आता तेच दोन आकडे आधी वळणातून नेऊन वेगवेगळ्या पीएनजीत लिहा. ०.२० चे झाले १२४, ०.०५ चे झाले ६३. धुळ्यातला माणूस त्यांची बेरीज करणार, १८७. हवे होते १३७. म्हणजे माती ओली दिसायच्या ऐवजी चुना मारल्यासारखी. मित्रानं फोनवर चित्राला "धुवट" म्हटलं होतं ते हेच.

आता एसआरजीबीचं वळण उलटं फिरवता येतं, त्याचं सूत्र ठरलेलं आहे. त्यामुळे भाच्यानं लगेच आशेनं विचारलं, "मग उलटं करून घेऊ?" एजीएक्समध्ये ते जमत नाही, निदान ८ बिटवरून तरी नाही. तो तिन्ही रंग एकमेकांत मिसळतो, प्रखर उजेडाचा रंग उतरवत पांढऱ्याकडे नेतो, आणि वरच्या टोकाला एवढं दाबतो की दहा वेगळे आकडे एकाच पायरीवर येऊन बसतात. त्या पायरीवरून परत कोणता आकडा कुणाचा, हे सांगायला काही उरत नाही.

थेंबावरची चमक बघा. तिथे ग्लॉसी डायरेक्टचा खरा आकडा होता १४.६. म्हणजे पांढऱ्या कागदाच्या कितीतरी पट. कंपॉझिटमध्ये उजेड दोन स्टॉप उतरवला, म्हणजे चारानं भागलं, तरी ३.६५ उरतात, चमक चमकच राहते. साध्या पीएनजीत १ च्या वरचं सगळं १ वर कापलं जातं. १ भागिले ४, ०.२५. म्हणजे तोच १३७ चा राखाडी. पाण्याच्या थेंबावर राखाडी ठिपका, जसा काही डाग पडलाय. १६ बिट पीएनजी केलं असतं तर? पायऱ्या ६५,५३६ झाल्या असत्या, पण जिना तेवढ्याच उंचीचा राहिला असता, ० ते १.

ओपन-ईएक्सआर (थोडक्यात ईएक्सआर) ह्या चित्र साठवायच्या स्वरूपातला १६ बिटचा आकडा, ज्याला हाफ म्हणतात, तेवढेच १६ बिट वेगळ्या रीतीनं वापरतो. एक बिट चिन्हाला, पाच घाताला, दहा अपूर्णांकाला. त्यामुळे तो ६५,५०४ पर्यंत जातो, ऋण होतो, आणि अंधाराकडे पायऱ्या बारीक होत जातात. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ह्या व्हीएफएक्स स्टुडिओनं हे स्वरूप २००३ मध्ये सर्वांना खुलं केलं. उजेडासाठी हाफ पुरतो. डोळ्याला उजेडाचा फरक गुणोत्तरात कळतो आणि हाफची अचूकताही गुणोत्तरातच असते.

पण हे झालं उजेडाचं.

झेड म्हणजे उजेड नव्हे, अंतर. आमच्या दृश्यात सगळ्यात जवळचा थेंब १२ सेंटिमीटरवर आणि केळीची शेवटची ओळ ४० मीटरवर. हाफमध्ये १२ सेंटिमीटरपाशी पायरी ०.०६ मिलिमीटरची पडते, छान आहे. ४० मीटरपाशी तीच पायरी ३ सेंटिमीटरची होते. धुक्यासाठी चालून जाईल, पण पानामागचं पान वेगळं काढायला गेलात तर पट्टे दिसतील. शिवाय जिथे काहीच नाही, म्हणजे आकाशात, ब्लेंडर झेडमध्ये एकावर दहा शून्य एवढा आकडा लिहितो. ६५,५०४ च्या पलीकडे हाफला मोजताच येत नाही, तो आकडा एकतर तिथेच कापला जातो, नाहीतर सरळ अनंत म्हणून लिहिला जातो. पुढे कुणी त्या चॅनलवर साधा ब्लर चालवला की पानांच्या कडा त्या खोट्या आकड्याला चिकटतात. झेडला पूर्ण ३२ बिटच हवेत. आणि कडा मऊ हव्या असतील, जशा धुळीच्या पडद्यासाठी हव्या असतात, तर झेड वापरूच नये. मिस्ट आहे, तो ० ते १ मध्येच असतो आणि त्याच्या कडा गुळगुळीत येतात. त्याची सुरुवात आणि खोली वर्ल्डच्या सेटिंगमध्ये मीटरमध्ये भरायची. आमची आधी भरलेलीच नव्हती, हा माझा गुन्हा.

क्रिप्टोमॅटचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे चित्र म्हणून बघणं साफ फसवं आहे. २०१५ च्या सिग्राफ ह्या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत सायॉप ह्या स्टुडिओच्या लोकांनी ही पद्धत मांडली. प्रत्येक वस्तूच्या नावावरून ३२ बिटचा एक हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, काढायचा आणि ते ३२ बिट जसेच्या तसे फ्लोट आकडा म्हणून पिक्सेलमध्ये ठेवायचे. लाल चॅनलमध्ये ओळख, हिरव्यात ती वस्तू त्या पिक्सेलचा किती भाग व्यापते ते. निळ्यात दुसऱ्या वस्तूची ओळख, अल्फात तिचा वाटा. ब्लेंडरमध्ये लेव्हल ६ असते, म्हणजे पिक्सेलमागे सहा वस्तू, म्हणजे तीन लेयर. त्या ओळखीच्या आकड्याला मोठा-लहान असा अर्थ नाही. तो आधार क्रमांकासारखा आहे. शेवटचा एक आकडा बदलला की माणूसच दुसरा.

आता ह्याला पीएनजीत घाला. ऋण आकडे ० झाले, मोठे १ झाले, उरलेले एजीएक्सनं वाकवले. मित्रानं व्हॉल्व्हच्या निळ्या टोपीवर टिचकी मारली तर यादीत काहीच सापडेना, भलतेच ठिपके तेवढे उजळायचे. भाच्यानं तिथल्या तिथे एक फ्रेम हाफ ईएक्सआरमध्ये करून दाखवली, "आता?" तरी नाही. उदाहरणादाखल १.२३४५६७८ हा आकडा घ्या. १ आणि २ च्या मध्ये हाफची पायरी १/१०२४ ची, त्यामुळे तो १.२३४३७५ होऊन बसतो. उजेड असता तर कुणाच्या बापाला फरक कळला नसता. ओळख म्हणून तो आता कुणाचाच नाही. क्रिप्टोमॅटला ३२ बिट आणि अशी दाबणी, जिच्यात एकही बिट हलत नाही.

दाबणीचं दोन ओळींत. ईएक्सआरमध्ये झिप आणि पिझ बिनखोट दाबतात. ड्रीमवर्क्सकडून आलेली डीडब्ल्यूएए-डीडब्ल्यूएबी खूप लहान फाइल देते, पण डोळ्याला न दिसणारं सोडून देते. रंगाच्या आणि उजेडाच्या चॅनलला चालेल, ओळखीला आणि अंतराला तिच्या वाटेला जायचं नाही. आम्ही सगळीकडे झिप ठेवलं. डिस्क स्वस्त आहे, पुन्हा रेंडर नाही.

संध्याकाळी पाचपर्यंत इतकं उमगलं होतं. शेवभाजी मागवली. जेवता जेवता भाच्यानं नोड नव्यानं मांडले. एका नोडऐवजी दोन फाइल आउटपुट नोड, दोन्हींवर मल्टिलेयर ओपन-ईएक्सआर. पहिल्याचं नाव 'उजेड', हाफ, झिप: कंबाइन्ड (सगळं मिळून झालेलं पूर्ण चित्र), डिफ्यूज-ग्लॉसी-ट्रान्समिशनचे नऊ चॅनल, मिस्ट. दुसऱ्याचं नाव 'आकडे', फुल फ्लोट, झिप: झेड, नॉर्मल, क्रिप्टोमॅटचे तीन लेयर. क्रिप्टोमॅटच्या तारा रेंडरमधून थेट नोडला, मध्ये काहीही नाही, आणि सॉकेटची नावं आली तशीच ठेवली, कारण नावांची यादी फाइलच्या डोक्यात लिहिली जाते आणि वाचणारं सॉफ्टवेअर त्या नावांवरूनच लेयर जुळवतं. मुख्य आउटपुटला फक्त कंबाइन्डची जेपीजी, बघण्यापुरती. त्या जेपीजीचं खरं काम पुढे कळेल.

मग एकच फ्रेम, १८० वी, थेंब सुटण्याच्या क्षणाची. मी म्हटलं, ही जुळल्याशिवाय रात्रीचं बटण दाबायचं नाही. जुळवायची म्हणजे अशी: डिफ्यूजचे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट मिळवायचे, डिफ्यूज कलरनं गुणायचे. ग्लॉसीचं तसंच, ट्रान्समिशनचं तसंच. तिन्हींची बेरीज. ती कंबाइन्डमधून वजा करायची आणि उरलेल्याला ५० नं गुणायचं. सगळं काळं आलं पाहिजे.

आलं नाही. दोन ठिकाणी उरलं. एक, पूर्ण फ्रेमभर बारीक वाळूसारखं. दुसरं, वरच्या डाव्या कोपऱ्यातून उतरणारा उन्हाचा तिरपा पट्टा, स्वच्छ, सुंदर, जसा काही मुद्दाम केलेला.

वाळूचं कारण डिनॉइज, म्हणजे रेंडरची खरखर पुसणं. सायकल्सच्या रेंडर सेटिंगमधला डिनॉइज फक्त कंबाइन्डला पुसतो, बाकी चॅनल खरखरीतच राहतात. म्हणजे पुसलेल्या चित्रातून न पुसलेली बेरीज वजा होत होती. डिनॉइज बंद करून फ्रेम पुन्हा काढली, वाळू गेली. मग उजेडाच्या सहा चॅनलना, डायरेक्ट-इनडायरेक्टच्या तीन जोड्यांना, कंपॉझिटरमध्येच स्वतंत्र डिनॉइज नोड लावले, त्यांना डिनॉइजिंगचे अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल जोडून. कलरचे तीन चॅनल तसेच सोडले, त्यांच्यावर उजेडाची खरखर नसतेच.

उन्हाचा पट्टा म्हणजे हवेतली धूळ. ती व्हॉल्यूम, म्हणजे हवेत पसरलेला पदार्थ, होती आणि व्हॉल्यूमचे डायरेक्ट-इनडायरेक्ट चॅनल कुणी टिकच केले नव्हते. पहिल्या ५०० फ्रेम ईएक्सआरमध्ये असत्या, बिट बरोबर असते, सगळं बरोबर असतं, तरी धुळ्याला बेरीज करून चित्र बांधताना ऊन गायब झालं असतं आणि ते ऊनच शेठना सगळ्यात आवडलेलं. दोन खुणा केल्या. 'उजेड'मध्ये आणखी दोन रंगीत चॅनल. डिनॉइज नोड बाजूला ठेवून वजाबाकी पुन्हा. ह्या वेळी काळं. डोळे फाडून पाहिलं तर कुठे कुठे हाफच्या पायऱ्यांची किंचित कुजबुज, तेवढी असणारच.

हिशेब केला. एका रंगीत चॅनलचे लाल, हिरवा, निळा असे तीन धरले, कंबाइन्डला अल्फा धरून चार, की 'उजेड'मध्ये ३८ चॅनल, 'आकडे'मध्ये १६. फुल एचडीचा एक चॅनल हाफमध्ये ४.१५ एमबी, फुलमध्ये ८.२९. न दाबता फ्रेमला १५८ आणि १३३, मिळून २९० एमबी. ५०० ला १४५ जीबी. झिपनं प्रत्यक्षात साठच्या घरात आलं. भाच्याच्या पहिल्या पीएनजी त्यासमोर फारच हलक्या होत्या, हे त्यानं दोनदा बोलून दाखवलं.

वेळेचा हिशेब जास्त गंभीर होता. ह्या वेळी दुसरं मशीन मोकळं होतं, तिकडे फ्रेमला ७ मिनिटं. २८ मिनिटांत एकीकडे ७ आणि दुसरीकडे ४, मिळून ११ फ्रेम. ५०० ला २१ तासांच्या वर. दोन्ही मशीन एकाच शेअर केलेल्या फोल्डरवर लिहिणार, आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर चालू. जे मशीन फ्रेम उचलतं ते आधी त्या फ्रेमच्या नावाची रिकामी फाइल ठेवतं, दुसरं मशीन ती बघून पुढची उचलतं. ही रिकामी फाइल मुख्य आउटपुटची असते, आमच्या बाबतीत ती जेपीजी. फाइल आउटपुट नोडच्या ईएक्सआरकडे कुणी बघत नाही. रात्री नऊला दोन्हीकडे सुरू केलं. पंखा, कूलर आणि दोन मशीनच्या फॅनचा आवाज मिळून खोलीत पिठाची गिरणी चालू असल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी दुपारी साडेतीनला वीज गेली. उन्हाळ्यातली गोष्ट, त्यात काही नवल नाही. मोठं मशीन यूपीएसवर होतं, तग धरून राहिलं. दुसरं पडलं. पंधरा मिनिटांनी वीज आली, भाच्यानं ते पुन्हा चालू केलं, रेंडर पुढे सुरू झालं. सुरळीत.

हिशेबापेक्षा तीनेक तास जास्त लागून रात्री साडेनऊला संपलं, तेव्हा जेपीजी मोजल्या, ५००. भाचा डिस्क काढायला निघाला होता. मी फोल्डर आकारानुसार लावला आणि वरच ३६७ क्रमांकाची फाइल शून्य बाइटची. वीज गेली तेव्हा दुसरं मशीन तीच फ्रेम करत होतं. प्लेसहोल्डर ठेवला होता, फ्रेम झाली नव्हती, आणि पुन्हा चालू झाल्यावर ओव्हरराइट बंद असल्यानं दोन्ही मशीननी "ही झालेली आहे" म्हणून तिला ओलांडलं. ईएक्सआरच्या फोल्डरमध्ये ३६७ नव्हतीच. ब्लेंडर मुख्य फाइल सगळ्यात शेवटी लिहितं, म्हणून शून्य बाइटच्या जेपीजी शोधल्या की अर्धवट राहिलेल्या सगळ्या फ्रेम सापडतात. ती फाइल पुसली, तेवढी एक फ्रेम काढली, ४ मिनिटं. धुळ्याला न बघता पाठवलं असतं तर थेंब पडल्यावर बरोबर एका फ्रेमचा काळा झटका आला असता, तोही सहा फुटांच्या पडद्यावर.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं डिस्क गेली. अकराला फोन. ह्या वेळी सूर वेगळा, पण तक्रार होतीच: पानांच्या कडांना काळी रेघ येतेय, जशी काही कुणी पेन्सिलनं काढलीय.

ही आमची नव्हती. पीएनजीत रंग आणि अल्फा, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक ते, सुटे असतात. ईएक्सआरमध्ये रंग आधीच अल्फानं गुणलेला असतो. मित्र फ्यूजन ह्या कंपॉझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पहिल्या पीएनजींसाठी त्यानं फाइल आत घेणाऱ्या लोडरमध्ये 'पोस्ट-मल्टिप्लाय बाय अल्फा', म्हणजे रंगाला अल्फानं गुणणं, चालू केलं होतं, तेव्हा ते बरोबरच होतं. आता त्याच लोडरला नवी फाइल दिली, खूण तशीच राहिली. कडेच्या पिक्सेलमध्ये अल्फा ०.५ असेल तर रंग एकदा निम्मा झालेलाच होता, तो पुन्हा निम्मा झाला. पानाच्या आत अल्फा १, म्हणून तिथे काही दिसेना. फक्त कडा काळ्या. मी सांगितलं, ती खूण काढ. फोनवर अर्धा मिनिट शांतता. मग "हां, गई" एवढंच. त्यानंतर त्यानं आमच्या पीएनजींचा विषय पुन्हा काढला नाही, आणि मी त्याच्या खुणेचा.

बाकी काम त्यानं चार तासांत उरकलं. थेंबाच्या चमकेला थोडा निळसरपणा, मिस्टनं मागच्या ओळी धूसर, ऊन थोडं केशरी. संध्याकाळी सहाला फिल्म शेठच्या मोबाइलवर. साडेसहाला त्यांचा फोन, "भाऊ, एकदम भारी झालंय. फक्त ती टोपी निळी नको. आमची नवीन टोपी हिरवी येतेय ना, तुम्हाला सांगायचं राहिलं."

पुन्हा रेंडर नाही. क्रिप्टोमॅटमध्ये टोपीवर टिचकी, मॅट, म्हणजे तेवढ्या टोपीचा मुखवटा, निघाला, रंग फिरवला, हिरवा. पानाआडून डोकावणारा टोपीचा काठसुद्धा स्वच्छ पकडला. मित्राला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा हिरवा कोणता ते शेठना विचारण्यात.

एक गोष्ट राहिली. क्रिप्टोमॅट कॅमेऱ्याला समोर जी वस्तू दिसते तिचीच ओळख ठेवतो. पाण्यातून वाकून किंवा परावर्तित होऊन जे दिसतं ते त्याच्या लेखी पाणीच. सतराव्या सेकंदाला व्हॉल्व्हखालच्या लॅटरलवर एक थेंब लोंबकळतो, आणि त्यात टोपीचं इवलंसं उलटं प्रतिबिंब दिसतं. टोपी हिरवी, थेंबातली टोपी निळी. मित्रानं विचारलं, हातानं मास्क करू का? वेळ सात वाजून गेलेली. मी म्हटलं, राहू दे.

प्रदर्शनाचे चार दिवस ती फिल्म स्टॉलवर दिवसभर फिरत राहिली. एकदा मी स्वतः जाऊन उभा राहिलो. दर वीस सेकंदांनी तो निळा ठिपका येत होता. शेठ शेजारीच चहा पीत होते, त्यांना दिसला नाही.